वीणेचा पहारा

त्या दिवशी मठात वेगळं काही नव्हतं. सप्ताह निम्म्यावर आला होता. सकाळचं पारायण उठलं होतं, ओसरीवर बायका भोपळा चिरत होत्या आणि मठाचे रंगनाथबुवा कुणाच्या तरी टाळाला नवी दोरी ओवत बसले होते.

दळवी मास्तर आले आणि चपला न काढताच पायरीवर बसले.

“कुमुदचं परत सुरू झालंय.”

बुवांनी टाळ खाली ठेवला.

कुमुद ही मास्तरांची बायको. तिचा आजार गावाला ठाऊक होता. वर्षानुवर्षं ती बरी असे. मग कधीतरी मन असं वर चढे, की झोप, भूक, थकवा सगळं गळून जाई.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“औषध वाढवलंय. गुण यायला वेळ लागेल म्हणाले. तोवर सांभाळा, झोपू द्या, फारच वाढलं तर दाखल करू.” मास्तरांनी चष्मा पुसला. “झोपू द्या! जसं काही मीच तिला जागं ठेवलंय. बुवा, काल पहाटे उठून तिनं घराची पुढची भिंत हिरवी रंगवली. अर्धीच. मग ब्रश टाकला आणि गल्लीभर सांगत फिरली, की मुलींसाठी पोहण्याची शाळा काढतेय. आपल्या गावात! जिथं नळाला पाणी नाही!”

“मग?”

“मग काय? मी एक बोललो की ती दहा बोलते. मला म्हणते, तुम्ही म्हणजे गार पिठलं.”

ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांनी तिकडे वर्गात बघावं तसं बघितलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानापासून हातभर लांब धरला, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

“बुवांकडे पोचलात ना? माझी तक्रार करून झाली? त्यांना सांगा, सप्ताहाची शेवटची पंगत आपल्या अंगणात. सगळं गाव! आणि तुम्हाला तिथंच ठेवून घ्या म्हणावं, वाढप्यांवर लक्ष ठेवायला हेडमास्तर लागतोच!”

बुवा मोठ्यानं हसले.

“हसू नका, बुवा.”

“विनोद चांगला होता.”

“तेच तर...” मास्तरांचा आवाज खाली आला. “विनोद चांगलाच असतो. ती आनंदात असते. आणि तो आनंद उतरवण्याचं काम माझं. गोळी घे. खाली बस. हळू बोल. दिवसभर हेच. उद्या बरी झाली, की तिला आठवणार कोण? गोळी घे म्हणणारा.”

बुवांनी टाळ पुन्हा हातात घेतला.

“आत्ता घरी कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“दिगंबर. तिचा धाकटा भाऊ. बातमी कळली तसा निघून आला. राहतो म्हणतोय, तिचं उतरेपर्यंत.”

“बरं झालं.”

“कसलं बरं? संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवतोय त्याला. त्याला काय कळतं तिचं? ती चिडली की कोणतं वाक्य तोंडातून काढायचं नाही, हे कळतं त्याला? तिच्यासोबत भिंत रंगवायला बसला सकाळी! उरलेली अर्धी!”

“गोळी कोण देतं?”

मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला.

“आज त्यानं दिली.”

“घेतली?”

“...घेतली.”

“तुम्ही कधी झोपलात, मास्तर?”

“मी झोपलो तर तिच्याकडे बघेल कोण?” मास्तर जवळजवळ ओरडलेच. “मला एवढंच सांगा, बुवा, माणसानं किती उभं राहायचं?”

बुवा उठले. “दुपारचा पहारेकरी आज यायचा नाही. त्याच्या जागी वीणा घ्या.”

“हे उत्तर झालं?”

“वीणा घ्या.”

सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकत नाही. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन देवापुढे नाम घेत उभं असतं. पहारा संपला, की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते.

मास्तरांनी हातपाय धुतले, बुक्का लावला आणि वीणा घेतली. ‘रामकृष्णहरि’ सुरू केलं. आवाज खणखणीत, हजेरी घेतल्यासारखा.

त्यांचा पहारा संपता संपता पुढच्या पहाऱ्याचे दामूअण्णा आले. वरच्या वस्तीवरून चालत आलेले. धुतलेलं धोतर, डोक्यावर पांढरा फेटा. वयानं मान जराशी हलायची, हातही. त्यांनी मास्तरांच्या पायांना हात लावला आणि वीणेसाठी दोन्ही हात पुढे केले.

मास्तरांनी त्या हातांकडे पाहिलं.

“राहू द्या, अण्णा. मी उभा आहे.”

“माजा पहारा हाय, मास्तर.”

“हात थरथरतायत तुमचे. पडली म्हणजे?”

“ते च्याच्या कपाला थरथरत्यात. ईनेला न्हाई.”

“उगाच हट्ट नको. बसा तुम्ही. ऊन लागलंय तुम्हाला.”

दामूअण्णांचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यांनी ते जोडले आणि खांबाला टेकून बसले.

मास्तर उभेच राहिले. पाय आखडले, तरी उभे राहिले. हळूहळू नाम ओठांतच राहू लागलं, मग तेही थांबलं. नजर तेवढी वीणेच्या भोपळ्यावर होती, कुठे आपटू नये म्हणून. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नाम स्वतःच पुढे चालवलं.

दामूअण्णांच्या नंतरचा पहारेकरी आला, तेव्हा कुठे मास्तरांनी वीणा गळ्यातून काढली. मानेवर दोरीचा लाल वळ उठला होता. लंगडतच ते ओसरीवर आले. बुवा टाळ घेऊन तिथंच बसले होते.

“दोन माणसांचा पहारा केला मी,” मास्तर म्हणाले. “एकट्यानं. पाय तुटले, पण एकदाही टेकू दिली नाही. घरीही हेच करतोय, बुवा. आता तुम्हीच सांगा... माझ्याकडून काय करायचं राहिलं?”

बुवांनी अंगणाकडे पाहिलं. दामूअण्णा चपला शोधत होते. फेटा काढून त्यांनी काखेत धरला होता. एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. ओसरीवरची एक बाई उठली आणि तिनं ती त्यांच्या पायाशी सरकवली. कुणाकडेही न बघता ते वस्तीच्या वाटेला लागले.



मग बुवा म्हणाले, “दामूअण्णांचा पहारा राहिला.”