चिमणं कुलूप आणि पलीकडचं यंत्र

फार पूर्वी आभासी नाण्यांच्या नगरीत प्रत्येक पेटीची राखण एक कुलूप करी. पलीकडच्या गल्लीत क्वांटम नावाचं यंत्र वाढत होतं. मोठं झालं की ते जुनी कुलपं किल्लीशिवाय उघडणार होतं.

“आजोबा, मला भीती वाटते हो,” चिमणं कुलूप म्हणालं.

“घाबरट कुठला! ते अजून रांगतंय,” शेजारचं म्हातारं पितळी कुलूप हसलं.

तरी शहाणे मालक आले आणि नाणी नव्या, भक्कम पेट्यांत हलवून गेले. पितळी आजोबांची पेटीही रिकामी झाली. चिमण्याचा मालक मात्र किल्ली हरवून बसला होता, आणि तिच्याशिवाय नाणी हलवणं त्यालाही जमत नव्हतं.

एके सकाळी गल्लीत पावलं वाजली. आजवर प्रत्येकाला अडवणारं ते चिमणं कुलूप पुटपुटलं, “देवा, किल्ली घेऊन मालकच आलेला असू दे.”