घराची प्रदक्षिणा

देव चराचरात वसतो. दिनकरराव सुभेदारांचा मात्र नव्या घरात नुकत्याच बसवलेल्या सागवानी जमिनीत वसत होता. ते घर म्हणजे कारखान्यात घडवलेल्या, क्रेनने आणून जोडलेल्या खोल्या. वातानुकूलनाची वीज वाचावी म्हणून हवाबंद.

वास्तुशांतीला राव पुरोहित विष्णुभटांना म्हणाले, "गुरुजी, होम घरातच हवा. पण जमिनीला आच नको, आत धूर नको. जमत नसेल तर आजपासून या घरची सारी पूजाअर्चा दुसऱ्यांकडे."

विष्णुभट शांतपणे म्हणाले, "जमेल. होम अंगणात करू. आपण क्रेन बोलवा आणि घरालाच अग्नीभोवती प्रदक्षिणा घालू द्या."

"अहो, जमिनीचे सांधे निखळतील की."

"म्हणूनच पूर्वजांनी यजमानाला फिरायला सांगितले असावे, घराला नव्हे."

राव उठले आणि स्वहस्ते खिडक्या उघडून जमिनीवर होमकुंडासाठी विटा मांडू लागले.