वजनावर घेतलेले सरपण

पूर्वी वेत्रवती नदीकाठच्या नगरात राजा पद्मरथ राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नाव सुनेत्र. बोलायला मऊ आणि राज्याच्या खर्चाबाबत भलताच काटेकोर. येत्या पौर्णिमेला त्याला महामात्याची मुद्रा मिळायची होती. पंधरा वर्षे त्याने त्या दिवसाची वाट पाहिली होती.

त्याच सुमारास नगरात सरपण पुरेना. पाकशाळेत मोळ्यांवर मोळ्या जाळूनही सैनिकांचा भात कच्चाच राहू लागला. राजाने सभा बोलावली. कोठारप्रमुख दंतिल म्हणाला, “महाराज, गावोगावच्या पाठशाळा बंद करा आणि त्यांचा खर्च सरपणाकडे वळवा. अक्षरांवर काही भात शिजत नाही!” सभेने माना डोलावल्या. अशा वेळी सभेच्या माना फार लवकर डोलतात. राजाने निर्णय दुसऱ्या दिवसावर ठेवला.

सुनेत्र थेट पाकशाळेत गेला. चुलीत लाकडे नुसती चुरचुरत होती, टोकांतून फेस येत होता. मोळी उतरवणाऱ्या म्हाताऱ्या लाकूडतोड्याला त्याने विचारले, “रेवता, लाकूड इतके ओले कसे?”

“वजनावर घेता ना, धनी? मग दोन दिस तळ्यात बुडवून आणतो. आधी एखादाच भिजवायचा, आता सगळेच भिजवतात,” रेवत जराही न लाजता म्हणाला. “कोरडं आणलं तर आम्ही खायचं काय?”

सुनेत्राचा चेहरा उतरला. सरपण वजनावर घ्यावे हा हुकूम दहा वर्षांपूर्वी त्यानेच काढला होता. तेव्हा काटकसरीबद्दल त्याची केवढी वाहवा झाली होती!

दंतिल मागे उभा राहून सारे ऐकत होता. तो हळूच म्हणाला, “अमात्य, तुम्ही गप्प राहा, मीही गप्प राहतो. पाठशाळा जातील, त्यांचा पैसा माझ्या कोठाराला मिळेल आणि मुद्रा तुमच्या हाती येईल.”

सुनेत्राला मोह झाला. भीतीही वाटली. पण आपली चूक झाकायला गावोगावच्या पोरांची पाठशाळा बंद व्हावी, हे त्याच्या मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी त्याने सभेपुढेच दोन चुली मांडल्या. एकीत कोठारातले लाकूड घातले, दुसरीत वाळलेले. पहिलीवरचे पाणी कोमट होईपर्यंत दुसरीवरचे उकळले.

“महाराज, लाकूड पुरेसे आहे, पण ते भिजून येते,” तो म्हणाला. “आणि ते माझ्या हुकमामुळे भिजते. यापुढे वजन नको. रास किती हात लांब, रुंद, उंच भरते ते मोजून घ्यावे.”

“रास मोजणार कोण?” दंतिल हसला.

“लाकूडतोड्यांच्या लेकी. लांबी, रुंदी, उंचीचे गणित त्यांना येते. तुम्ही बंद करायला निघालात त्याच पाठशाळेत त्या शिकल्या.”

राजाने दोन्ही चुलींकडे पाहिले. मग म्हणाला, “पाठशाळा राहतील. मुद्रा मात्र तुम्हाला मिळणार नाही.”

“मी पाठशाळाच मागायला आलो होतो,” सुनेत्र म्हणाला. ताठ मानेने तो सभेबाहेर पडला.

जेतवनात ही कथा सांगून झाल्यावर शास्ता भिक्षूंना म्हणाले, “त्या जन्मीचा दंतिल म्हणजे आजचा देवदत्त. राजा होता आनंद आणि रेवत होता सारिपुत्त. सुनेत्र मी होतो. दुसऱ्याविषयी खरे बोलणे मला तेव्हाही सोपे होते. स्वतःविषयी बोललो, त्या दिवशी माझी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची साधना, वाढली.”