किल्ली कुणाच्या कमरेला

तांबुळगडच्या संगणकाने एका सकाळी खुद्द महाराजांना नकार दिला. आज्ञा होती कालव्याचे दार उघडण्याची. पडद्यावर उत्तर उमटले, ‘आपणांस हा अधिकार नाही.’

सर्जेराव महाराजांनी ते दोनदा वाचले. मग संगणक सांभाळणाऱ्या गुंडोपंतांकडे पाहिले.

“हा कुणाशी बोलतोय?”

“आपल्याशी, महाराज. काल आपणच म्हणालात, सर्वांचे अधिकार काढा.”

ते खरे होते. राज्यातली दारे, कोठारे, पत्रे, सारे त्या एका संगणकावर चाले, आणि सात मानकऱ्यांना त्यावर वाटेल ते करण्याची मुभा होती. गेल्या आठवड्यात सेनापतींनी जुनी पत्रे पुसताना महाराजांच्या वाढदिवसाची पाठवायची निमंत्रणेही पुसली. परवा वाढदिवसाला कुणी आले नाही. महाराज एकटेच जेवले.

“बरं, माझं नाव परत घाला.”

“नाव घालायलाही अधिकार लागतो.”

“तुमचा आहे ना?”

“सर्वांचे म्हणालात. आधी त्या सातांची नावं काढली, मग आपलं. शेवटी माझं.”

महाराजांनी घड्याळाकडे पाहिले. “पंत, दुपारपर्यंत कालवा वाहिला नाही, तर संध्याकाळी तुम्ही राज्याबाहेर.”

पंतांची तीस वर्षे याच राज्यात गेली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पडद्यावर उत्तर तेच होते.

“पाय उचला, पंत,” फरशी पुसणारी इठाबाई म्हणाली. पंतांनी उचलले. “हे यंत्र आलं त्या साली तुम्ही पासवर्ड इसरला व्हता. तवा काय केलं व्हतं?”

“इठाबाई, ते आत्ता नको.”

“काय केलं होतं?” महाराजांनी विचारले.

“यंत्र बंद केलं, परत चालू केलं,” इठाबाई म्हणाली. “उठता उठता एक कळ दाबली, की ते कुणाचं नाव इचारत न्हाई. म्होरं बसलेला सांगंल ते ऐकतं. मी इथंच पुसत व्हते.”

पंतांचे कान लाल झाले. पण त्यांनी यंत्र बंद केले, चालू केले, कळ दाबली. दुपारच्या आत कालवा वाहू लागला. यादीही नवी झाली. ज्याला त्याला आपल्या कामापुरता अधिकार, आपल्याच पासवर्डने, आणि कुणी काय केले याची नोंद. सेनापतींना पत्रे वाचता येणार होती, पुसता येणार नव्हती.

महाराजांच्या मनातून मात्र एक गोष्ट जाईना.

“म्हणजे या खोलीत शिरेल तो राजा?”

“ज्याच्याकडं खोलीची किल्ली, त्यो.”

“ती कुणाकडे असते?”

इठाबाईने कमरेची किल्ली दाखवली. “ईस वर्सं झाली.”

“आण इकडे.”

तिने ती निमूट महाराजांच्या तळहातावर ठेवली. “घ्या. पहाटं पाचाला दार उघडायचं. बादली कोपऱ्यात हाय. फडकं नीट पिळा, महाराज, फरशीवर डाग ऱ्हात्यात.”

महाराजांनी किल्लीकडे पाहिले, बादलीकडे पाहिले, आणि इतके हसले की त्यांना पंतांच्या खुर्चीत बसावे लागले. किल्ली पुन्हा इठाबाईच्या कमरेला गेली.

त्या महिन्यात महाराजांचा वाढदिवस दुसऱ्यांदा साजरा झाला. पहिले निमंत्रण इठाबाईला गेले, आणि ते पुसण्याचा अधिकार कुणालाच दिला नव्हता.