न आलेल्याची भाकर

फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणज्याच्या पणज्याला दातसुद्धा आले नव्हते तेव्हा, बोरखळी नावाचं गाव एका ओढ्याच्या काठी बसलेलं होतं. गाव सव्वाशे उंबऱ्यांचं. ओढा चार महिने अंगावर धावून यायचा आणि आठ महिने नुसती वाळू दाखवायचा. माघ सरला की बायका टेकडीपलीकडून हंडे वाहायच्या, आणि दर उन्हाळ्यात एक-दोन घरं भांडीकुंडी बैलगाडीत घालून निघून जायची. ती परत यायची नाहीत.

त्या गावात सगुणा राहायची. तिचा नवरा म्हाळू ताली घालायचा, म्हणजे शेताची माती वाहून जाऊ नये म्हणून दगडाचे बांध रचायचा. सगुणा कामावर त्याच्याबरोबर जायची आणि गड्यांसाठी भाकऱ्या थापायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण कोणत्या बांधाला किती भाकऱ्या लागल्या हे तिला वर्षानुवर्षं जसंच्या तसं आठवायचं. मुरमात खणायचं असलं की भाकऱ्या कमी, खडक लागला की दुप्पट. दगड लांबून आणायचा असला की आणखी जास्त. बांध बघून ती त्याचं पोट सांगायची, असं म्हणतात.

गावचा पाटील हैबती. मनानं चांगला, पण भारी उतावळा. एका वर्षी शिमग्याला त्याच्या मनानं घेतलं की ओढ्यावर बांध घालायचा, पाणी अडवायचं. तो ओढ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत चालत गेला. तीनशे पावलं भरली. पाटलानं मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "दोन महिन्यांचं काम!"

झालं. हलगी वाजली, नारळ फुटला, आणि पन्नास गडी दोन्ही काठांकडून कामाला लागले. महिन्याभरात इकडून शंभर पावलं बांध झाला, तिकडून शंभर पावलं झाला. पाटील खुशीत. दोनशे पावलांना एक महिना, मग उरलेल्या शंभराला पंधरा दिवस, असा त्याचा सरळ हिशेब. फक्त म्हाळू त्या दिवशी भाकरी मोडता मोडता सगुणेला म्हणाला, "मधी खोल हाय. मधलं पाऊल काठासारखं नसतंय." तो हे पाटलालाही म्हणाला. पण बांध डोळ्यांसमोर उभा राहत असताना असलं कोण ऐकतो?

मधल्या शंभर पावलांनी गावाचा घाम काढला. काठावर बांध कमरेइतका होता, मधे तो दोन पुरुष उंच हवा होता आणि खाली तितकाच रुंद. चैत्राच्या उन्हात दुपारी दगडाला हात लावता येईना. वैशाखात धान्य संपलं. गडी आपापल्या शेताकडे पांगले. आणि आषाढात ओढा आला तेव्हा बांधाच्या मधोमध चांगलं साठ पावलांचं खिंडार होतं.

पूर्वी जे पाणी पसरून जायचं, ते सगळं आता त्या खिंडारावर तुटून पडलं. पाटील काठावरून ओरडला, "म्हाळू, मधलं तेवढं बुजीव रं!" म्हाळू दगड घेऊन उतरला. पुढच्या क्षणाला बांधाचे दोन्ही हात कोसळले आणि त्यांच्याबरोबर सात घरं गेली. म्हाळू सापडला नाही. त्याची पहार तेवढी दोन कोसांवर वाळूत सापडली, कुणी रोवून ठेवावी तशी सरळ उभी, असं म्हणतात.

सगुणा खूप रडली. पण तिला राग ओढ्याचा आला नाही. ओढा ओढ्यासारखा वागला होता. राग आला तो पाटलाच्या तोंडून सहज निघालेल्या त्या दोन महिन्यांचा. त्या दिवसापासून पाटील तिला बघितलं की गल्ली बदलायचा.

तीन वर्षं गेली. आणखी घरं रिकामी झाली. शेवटी गाव चावडीत जमलं आणि ठरलं की एकदा, शेवटचं, बांध घालून बघायचा. नाही जमलं तर सगळ्यांनीच गाव सोडायचं. घाटाखालून इमाम गवंड्याला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं ओढा पाहिला आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की सगळे खाली बघायला लागले.

"मागच्या वेळी किती काम लागलं, हे कोण सांगेल?"

  मग बायकांच्या घोळक्यातून सगुणा उठली.

"दिवस न्हाई सांगता यायचे, दादा. भाकरी सांगते. काठाच्या दोनशे पावलांनी आठ हजार खाल्ल्या. मधल्या शंभराचं मोजून सांगते. पंधरा दिवस द्या."

ते पंधरा दिवस बोरखळीनं जन्मभर लक्षात ठेवले. सगुणा खाणीत गेली आणि स्वतः डोक्यावर दगड घेऊन ओढ्यापर्यंत आली. वाटेत सात वेळा बसली. त्यावरून तिनं ठरवलं, एक गडी दिवसात किती खेपा करील. थंडीतल्या खेपा वेगळ्या धरल्या, उन्हातल्या वेगळ्या. एक जाणता गडी आणि एक नवखा शेतकरी शेजारी शेजारी बसवून दोघांकडून एकेक पाऊल बांध रचून घेतला. जेवले दोघं सारखेच. शेतकऱ्याचं काम निम्मं झालं. जत्रेचे दिवस, लग्नांचे दिवस, पेरणी-काढणीचे दिवस तिनं बोटांवर मोजून वेगळे काढले, कारण त्या दिवशी कुणी येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि अंदाज करताना सगळे विसरतात.

मग ती ओढ्यात उतरली आणि एकेका पावलावर पांढरे खडे मांडत गेली. एक खडा म्हणजे दहा भाकऱ्या. काठाला पावलागणिक चार खडे पडले. मधे पंचवीस. मांडून झाल्यावर टेकडीवरून बघणाऱ्यांना एका नजरेत सगळं दिसलं. काठाला बारीक ढीग, मधे थोराड ढीग, आणि म्हाळूचं म्हणणं उघड्या वाळूत सगळ्या गावाला वाचता येत होतं. तिथून शेळ्यांचा कळप गेला, पण एकाही खड्याला खूर लागला नाही, असं म्हणतात.

एकूण तेहेतीस हजार भाकऱ्या. पायलीला तीस, म्हणजे अकराशे पायल्या ज्वारी. गावात उरली होती शंभर घरं, म्हणजे घरामागं अकरा. लोकांनी मनातल्या मनात घरची कणगी मोजली आणि माना डोलावल्या. तेवढ्यात पाटलाची नजर बाजूला मांडलेल्या एका वेगळ्या ढिगाकडे गेली.

"आन् ह्यो कशाचा?"

"न आलेल्याचा."

"कोण न आलेला?"

"ते म्हाईत असतं तर त्या ढिगात घातलं असतं की, पाटील. घरामागं आणखी एक पायली. खाली काय लागंल, कोण आजारी पडंल, कुणी सांगावं? आन् मधीच तुमच्या मनात आलं की बांधावर मारुतीचा पारबी पायजे, तर त्योबी ह्यातच."

लोक हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा पाटीलही ओशाळून हसला. पण पायलीवर मात्र तो अडून बसला. "घरात आलेल्यांना खायाला न्हाई, आन् जे आलंच न्हाई त्याला जेवू घालायचं?"

इमाम गवंडी शांतपणे म्हणाला, "पाटील, मी पस्तीस वर्षं दगड घडवतोय. ती एक पायली नसती धरली, तर मी आजच गाठोडं बांधलं असतं."

सगुणेनं आणखी एक अट घातली. सगळं धान्य पेवात पडल्याशिवाय पहिला दगड पडायचा नाही. म्हणून जमिनीत दोन पेवं खणली, कामाचं थोरलं आणि न आलेल्याचं धाकटं. आणि नेमकी त्या वर्षी सुगी बेताची झाली. थोरलं पेव निम्मं भरलं. लोक चिडले. "बांध बांधायचाय का पेव पुजायचंय?" असं तिच्या तोंडावर म्हणाले. तिच्या शेजारचं घर गाडी भरून निघालं तेव्हा सगुणा दारात उभी राहून बघत होती. आपण आकडा कमी सांगितला असता तर हे राहिले असते का, असं तिला वाटून गेलं. मग तिला वाळूत उभी असलेली पहार आठवली. ती आत गेली आणि जात्यावर बसली.

दुसऱ्या वर्षी दोन्ही पेवं भरली. दिवाळी झाली, सगुणेनं ओढ्यात पुन्हा खडे मांडले आणि काम सुरू झालं. सगुणेच्या सांगण्यावरून ते काठाकडून नाही, मधून सुरू झालं. जे अवघड आहे ते पोटात धान्य असताना आणि हवेत थंडी असताना करायचं. रोज पहिली भाकरी थापली की सगुणा ती फडक्यात बांधून बाजूला ठेवायची. गडी विचारायचे, "ही कुणाची?" ती म्हणायची, "न आलेल्याची." सांजेला वासरांना द्यायची.

पाया खणताना कमरेइतक्या खोलीवर खडक लागेल असं इमाम गवंडी म्हणाला होता. कमरेला लागला नाही. छातीला लागला नाही. डोकी बुडाली तरी खाली गाळच. मग धाकटं पेव उघडलं. दहा दिवस पन्नास गडी त्या पेवावर जेवले आणि नुसते खणत राहिले. दहाव्या दिवशी सगुणेनं मापटं खाली घातलं, तर ते तळाला खरवडलं.

"अजून आठ दिवस तरी लागतील, बाई," इमाम गवंडी म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

थोरल्या पेवाला हात लावावा, तर शेवटी बांधात पुन्हा खिंडार राहणार. सगुणा चुलीपाशी बसली आणि परातीत तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. तिचाही अंदाज चुकला होता. एवढं सगळं मोजूनही चुकला होता.

सकाळी त्या दिवसाच्या भाकऱ्यांसाठी काय उरलंय ते बघायला तिनं पेवाचं झाकण काढलं, तर आत दहा पायल्या ज्वारी. दुसऱ्या सकाळी पुन्हा दहा पायल्या. तिसऱ्या सकाळीही. सगुणा म्हाळूचं नाव घेऊन पेवात हात घालायची आणि धान्य आपोआप वर यायचं, त्या पेवाला तळच उरला नव्हता, असं म्हणतात.

म्हणू द्या. तसं झालंही असेल. पण चौथ्या सकाळी सगुणेनं मूठभर दाणे उजेडात धरून बघितले. दाणा टपोरा, एका बाजूनं किंचित लालसर. असली ज्वारी सगळ्या शिवारात एकाच मळ्यात पिकायची. ती कुणाला काही बोलली नाही. पीठ मळायला बसली.

अठराव्या दिवशी पहार खडकावर वाजली. ठिणगी उडाली ती टेकडीवरून दिसली, असं म्हणतात. गडी खड्ड्यातच नाचले. दुपारी सगळे जेवायला बसले, आणि पाटील नेहमीसारखा लांब बाभळीखाली एकटा उभा राहिला. काम सुरू झाल्यापासून तो कधी पंगतीत बसला नव्हता, मधल्या खड्ड्याच्या जवळही आला नव्हता. सगुणेनं फडकं सोडलं, भाकरीवर झुणका घातला आणि ती बाभळीखाली गेली.

"पाटील, ही न आलेल्याची भाकर. रोज ठेवत होते. आज आला तुम्ही."

पाटलाला कळलं, पेवातली ज्वारी कुणाच्या मळ्यातली हे तिला कळलंय. तो म्हणाला, "सगुणा, त्या दिशी म्हाळूला म्या..." 

 सगुणेचा राग पुरता गेला होता असं नाही. पण ती म्हणाली, "जेवा आधी. मधी खोल हाय, दम लागतोय."

पाटील तिथंच मातीत बसून जेवला. मग त्यानं पागोटं काढून बाभळीला अडकवलं, खड्ड्यात उतरला आणि पायाचा पहिला दगड स्वतःच्या पाठीवरून खाली नेला.

पुढं सगुणेनं मांडलेल्या खड्यांप्रमाणे काम चालत गेलं. रोज जेवढा बांध व्हायचा तेवढे खडे ती उचलायची. शिमग्याच्या आदल्या दिवशी शेवटचा खडा उचलला आणि शेवटचा दगड बसला. थोरल्या पेवात एका भाकरीचं पीठ उरलं होतं, असं म्हणतात. आषाढात ओढा आला, बांधाला धडकला आणि मागं वळून तळं होऊन बसला. त्याच्या पुढच्या वर्षी सगुणेच्या शेजारचं घर गाडी भरून परत आलं.

आता सगुणा नाही, हैबती पाटील नाही, पेवंही बुजली. पण बोरखळीत कुणी घर बांधो, विहीर काढो की देवळाचा ओटा घालो, पहिल्या दगडाआधी त्या जागेवर पावलागणिक पांढरे खडे मांडतात आणि एक ढीग बाजूला ठेवतात. काम चालू असेतो रोज एक भाकरी फडक्यात बांधलेली असते. वाटसरू, भांडून गेलेला भाऊ, रुसलेला शेजारी, जो कुणी अवचित येईल त्याला ती देतात, आणि नाव विचारत नाहीत.

हल्ली टेप घेऊन, नकाशे घेऊन साहेब लोकही गावात येतात. रस्त्याचा, शाळेचा अंदाज वाचून दाखवतात. गाव सगळं नीट ऐकून घेतं. मग म्हाताऱ्या बायकांमधली कुणीतरी पदर सावरत विचारते, "समदं बराबर हाय, साहेब. न आलेल्याची भाकर धरली का?"