शेंदराखालची चीर

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाला विटीदांडूचं भारी वेड. आणि गावात दांडू एकच. खैराच्या लाकडाचा, वाडवडिलांच्या हातून आलेला, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

त्या दांडूचा एक रिवाज होता. खेळणारा बाद झाला की त्यानं वाकायचं, दांडू दोन्ही हातांनी गलीवर आडवा ठेवायचा आणि मग बाजूला व्हायचं. गल म्हणजे जमिनीत कोरलेली लांबट खळगी, जिच्यावरून विटी उडवतात ती. पुढच्यानं दांडू उचलायचा, कपाळाला लावायचा आणि खेळायला लागायचं. खेळ संपला की त्या दिवशी जो सगळ्यांत चांगला खेळला, त्याच्या घरी दांडू जायचा. त्या घरच्या बाईनं तो पुसायचा, तेल लावायचं आणि देव्हाऱ्यात ठेवायचा.

गेली दोन वर्षं दांडू सगुणेच्याच देव्हाऱ्यात होता. कारण तिचा हैबती.

हैबतीसारखा टोला त्या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता. विटी अशी जायची की पोरं माना वर करून बघत राहायची आणि ती कुठं पडली हे विसरायची. पण हाच हैबती बाद झाला की त्याचं डोकं फिरायचं. झेल घेणाऱ्याला वेडावून दाखवायचा, आणि दांडू ठेवायचं सोडून धाडकन आपटायचा.

लोकांना त्याचंही कौतुक! म्हणायचे, "पोरात रग आहे, रग!"

गावाला खेळ शिकवणारे म्हातारे आबा मात्र हसायचे नाहीत. एकदा ते सगुणेच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "सगुणाबाई, लेकाला समजाव. रग विटीवर काढावी. दांडूनं त्याचं काय घोडं मारलंय?"

सगुणेला राग आला, पण तिनं तो पदरात झाकला. "आबा, तवा तापल्याशिवाय भाकरी फुगते का?"

"नाही फुगत, बाई. पण करपते ती त्याच तव्यावर. तवा कधी उतरवायचा ते कळावं लागतं."

"लहान आहे हो अजून."

"मिसरूड फुटलंय त्याला," आबा उठत म्हणाले. "पुन्हा दांडू आपटलान् तर यात्रेच्या डावात त्याला घेणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

सगुणेचं सगळं लक्ष त्याच डावाकडे लागलेलं होतं. कारण यात्रेच्या डावाला राजाचा पारखी यायचा होता. राजानं आपल्या पदरी खेळाडूंचा एक फड बाळगला होता आणि पारखी त्यासाठी गावोगावचे गडी निवडत फिरत होता. लेकाची निवड होईपर्यंत मीठ खायचं नाही, असं व्रत सगुणेनं देवीपुढं घेतलं होतं. आमटी अळणी, भाजी अळणी, ताकसुद्धा अळणी. आणि तोंडावर कधी आठी नाही. मोठी श्रद्धाळू बाई. पण आईच्या श्रद्धेलाही कधी कधी एक डोळा कमी असतो.

यात्रा तोंडावर आली. आबा देवळाच्या कामात होते, तेव्हा पोरांनी सरावाला एक डाव मांडला. त्यात हैबती लवकर बाद झाला. निंबा नावाच्या त्याच्या सोबत्यानंच झेल घेतला होता. निंबा साधा, हसरा मुलगा. तो म्हणाला, "अरे, सराव तर आहे!" पण हैबतीनं ऐकलं नाही. दांडू समोरच्या दगडावर आदळला.

सरावाच्या डावानं दांडूचं घर बदलत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाच दांडूला तेल लावत होती. तिच्या बोटाला काहीतरी खरखरलं. तिनं तो उजेडात धरला. केसाएवढी बारीक चीर होती, आडवी, अर्ध्याच्या वर गेलेली.

आबांना दाखवावं, तर त्यांना सगळं कळणार. लेकाचं नाव कापलं जाणार. इतक्या दिवसांचं अळणी अन्न, इतके नवस, सगळं पाण्यात.

तिनं देव्हाऱ्यातलं मेण घेतलं, बोटानं चिरेत दाबलं आणि वरून शेंदूर माखला. डावाच्या दिवशी दांडूला शेंदूर लावायची रीतच होती. कुणाला काय शंका येणार?

हैबती दारात येऊन उभा होता. त्यानं मेण पाहिलं, शेंदूर पाहिला.

"आई, आबांना सांगू नकोस."

"मी कशाला सांगू?" सगुणा म्हणाली. "देवीचा शेंदूर आहे. ती बघून घेईल." आणि तिनं हात जोडले.

बाळांनो, देवाला आपण पुष्कळ कामं सांगतो. आपलं पाप झाकायचं काम मात्र त्याला सांगू नये.

यात्रेच्या दिवशी माळ माणसांनी फुलून गेला. पारखी मांडवात बसला होता. हैबतीनं पहिलाच टोला असा हाणला की विटी दीपमाळेच्या वरून गेली. पारखी ताडकन उठून उभा राहिला. बायकांच्या गर्दीत सगुणेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारणीनं तिला कोपरखळी मारली, "सगुणे, आज रात्री मीठ खाशील गं बाई!"

पुढं पुन्हा टोला बसला, पण जरा खालून. पलीकडच्या गावच्या एका गड्यानं गुडघ्यावर घसरत विटी झेलली.

"जमिनीला लागली!" हैबती ओरडला. "डोळे फुटले का तुमचे?"

"झेल आहे," पंच शांतपणे म्हणाले. "दांडू ठेव, बाळ."

हैबतीनं दांडू भिरकावला. तो पाराच्या दगडावर आपटून गलीपाशी येऊन पडला. काही लोकांनी अजूनही टाळ्या वाजवल्या. "रग बघा, रग!"

आता पाळी निंबाची होती. त्यानं वाकून दांडू उचलला. धूळ झटकली, कपाळाला लावला.

सगुणेला लांबूनसुद्धा दिसलं. दगड लागून शेंदूर उडाला होता, आणि खाली काळी रेघ उघडी पडली होती. 'थांब' एवढाच शब्द तिला बोलायचा होता. तो तिच्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात तिची नजर पारख्याकडे गेली. तो हैबतीकडे पाहत होता. तिनं शब्द गिळला.

निंबानं टोला मारला. कडकन आवाज झाला. दांडूचा तुकडा उलटा आला आणि निंबाच्या उजव्या डोळ्यात घुसला.

माळावरचा सगळा आवाज एकाएकी बंद झाला. निंबाच्या आईचा तेवढा राहिला.

वैद्यांनी जीव वाचवला, डोळा नाही. संध्याकाळी सगुणा निंबाच्या दारात गेली आणि आबांसमोर, सगळ्यांसमोर तिनं मेणाचं सांगितलं. हैबती तिच्या मागं मान खाली घालून उभा होता.

निंबाची आई तिच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या देव्हाऱ्यात होता ना गं दांडू? मी तर तुझ्या भरवशावर होते."

पारखी निघायच्या तयारीत होता. हैबतीनं त्याचे पाय धरले. पारखी म्हणाला, "ऊठ. तुझा पहिला टोला पाहिला तेव्हाच तुला न्यायचं मी मनात पक्कं केलं होतं. बाद झाल्यावर तू काय करतोस, तेवढं बघायचं राहिलं होतं. दांडू तुटायच्या आधीच ते बघून झालं माझं."

पारख्याची घोडी निघून गेली. फडात त्या गावचं कुणीच गेलं नाही.

पुढं गावानं नवा दांडू केला. हैबतीनं तो कधी खेळायला हातात घेतला नाही. आबा थकल्यावर तो पोरांना शिकवू लागला. टोला नंतर शिकवायचा. आधी कित्येक दिवस नुसतं वाकायचं, दांडू ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. पोरं कंटाळायची, कुरकुरायची. पारावर बसलेला निंबा एका डोळ्यानं बघायचा आणि म्हणायचा, "ठेवा रे नीट. गुरुजींना उशिरा जमलंय ते, तुम्हाला लवकर जमू दे." त्या बोलण्यात विष नव्हतं. म्हणूनच हैबतीला ते जास्त लागायचं.

आणि सगुणा? तिचं व्रत पुरं झालं नाही, ते सोडवायलाही कुणी आलं नाही. ती शेवटपर्यंत अळणी जेवली. रोज सकाळी मात्र निंबाच्या घरी गरम भाकरी न्यायची. पहिली कित्येक वर्षं ती दारातच ठेवून यावी लागे. मग एके दिवशी निंबाच्या आईनं दार उघडलं, भाकरी हातात घेतली, आणि थोडं बाजूला सरकून तिला आत यायला वाट दिली.

तात्पर्य: हरल्यावर ज्याला दांडू खाली ठेवता येत नाही, त्याच्या अंगातली रग ही रग नव्हे, पोरकटपणा आहे, आणि जो असा पोरकटपणा झाकतो, तो त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकराकडून वसूल करतो.