बुटातला खडा

“…आणि मास्तरांना पाठीवर घालूनच आणलं म्हणे, पाय पार…”

पुढचं गिरणीच्या आवाजात गेलं. पट्टा फिरायला लागला की आमच्या गिरणीत स्वतःचंसुद्धा ऐकू येत नाही. सांगणारी बाई पीठ घेऊन निघूनही गेली.

मी दळणाचा डबा तिथंच ठेवला आणि घराकडे निघाले.

लोखंडे मास्तर आमच्या शेजारचे. सत्तरी केव्हाच ओलांडली. शाळेतून निवृत्त झाले, पण पोरांना पहाटे पळायला शिकवणं काही सुटलं नाही. त्या सकाळी ते गल्लीतल्या निशिकांतला घेऊन घाटमाथ्यावरच्या नव्या काचेच्या पुलापर्यंत पळत जाणार होते, हे मला माहीत होतं. कशासाठी, तेही माहीत होतं. आमच्या दोन घरांत भिंत एकच.

झालं होतं असं. मागच्या आठवड्यात घाटात, त्यांच्याबरोबर पळणारा इरफान चक्कर येऊन खाली बसला. निशिकांत त्याच्या शेजारून पळत पुढं गेला. घड्याळ लावलं होतं, थांबलो असतो तर वेळ बिघडली असती, म्हणाला. मास्तर रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, की तुला पुढं शिकवायचं की नाही, ते काचेच्या पुलावरून आल्यावर सांगतो.

तेव्हापासून पोराचं जेवणावर लक्ष नव्हतं, त्याची आई सांगत होती. दुसरा गुरू त्याला कोण मिळणार? त्याच्या घरात कुणी कधी बसस्टँडपर्यंतसुद्धा पळालेलं नाही.

आणि आता हे. पाठीवर घालून आणलं… पाय पार…

वाटेत मी मनात काय काय पाहिलं, ते लिहीत नाही.

मास्तर ओट्यावर बसले होते. हातात पोह्यांची ताटली. पाय खाली सोडलेले, आणि दोन्ही हलत होते.

“वहिनी, पोहे घेता?”

“मास्तर, पाय…”

“आहेत की.”

मी तिथंच टेकले. बराच वेळ पदरानं वारा घेतला. मग पायरीवर मान खाली घालून बसलेला निशिकांत दिसला. काय झालं ते त्याच्याकडूनच काढून घेतलं.

या पळणाऱ्यांचा एक रिवाज आहे. जो आधी पोचेल त्यानं सगळ्यांसाठी बाटली भरायची, आणि शेवटचा गडी येईपर्यंत तोंडाला लावायची नाही. निशिकांत कायम पहिला. तो बाटली भरायचा, कट्ट्यावर ठेवायचा आणि लगेच परत फिरायचा. थांबलं की अंग थंड पडतं म्हणायचा.

आज त्यानं बाटली भरली आणि थांबला.

पुलावर ही गर्दी. काचेखाली दरी बघून बायका एकमेकींना धरत होत्या, पुरुष धीट असल्यासारखे फोटो काढून घेत होते. निशिकांतचं तिकडं लक्ष नव्हतं. तो वळणाकडे बघत होता. मास्तर मागंच होते. एव्हाना यायला हवे होते.

आले नाहीत.

घसा कोरडा पडला होता, तरी तो प्यायला नाही. भरलेली बाटली घेऊन घाट उलटा उतरत पळाला.

खालच्या एका वळणावर मास्तर दगडावर बसलेले दिसले. डोळे मिटलेले, एक बूट काढून हातात घेतलेला. निशिकांतला पुढचं काही सुचलं नाही. त्यांच्यापुढं खाली बसून त्यानं पाठ दिली.

मास्तर पाठीवर बसले.

तो दवाखान्याच्या बाजूनं, म्हणजे खाली, निघाला होता. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि बोट वर दाखवलं. तो वळला. उभा चढ, पाठीवर मास्तर, हातात बाटली. मधे दोनदा टेकला, पण त्यांना खाली ठेवलं नाही. वर पोचल्यावर लोक बाजूला झाले. कुणी पाणी घेऊन धावलं, कुणी म्हणालं हाड मोडलेलं दिसतंय.

मास्तर उतरले. बूट घातला. तिकीट काढून काचेच्या पुलाच्या पार त्या टोकाला गेले, दरी बघितली, रमतगमत परत आले. मग बाटली मागून घेऊन निम्मी प्यायले आणि निम्मी याला दिली.

म्हणजे गिरणीतलं अर्धं खरं होतं. पाठीवर आणलं होतं, पण खाली नाही, वर. आणि पायाचं जे काय ती बाई सांगत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

निशिकांतच्या मनगटावरचं घड्याळ पळायची वेळ अजून मोजतच होतं. बंद करायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “पाय दुखावला नव्हता ना?”

“नाही.”

“मग बसला कशाला होतात?”

“बुटात खडा गेला होता.”

“मग मी उचललं तेव्हा बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस कुठं? उचललंस.”

मला हसू फुटलं. निशिकांत हसला नाही. घाटात वाळलेला घाम त्याच्या कपाळावर पांढरा दिसत होता.

“काकू आहेत म्हणून थांबलो होतो,” तो हळूच म्हणाला. “पण विचारतोच. माझं… काय ठरवलंत?”

मी उठायला हवं होतं. उठले नाही.

मास्तरांनी ताटली बाजूला ठेवली. सदऱ्याच्या खिशात बोटं घालून चाचपलं. हरभऱ्याएवढा एक काळा खडा निघाला. त्यांनी तो निशिकांतच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली.

“उद्या पळायला येशील तेव्हा हा बुटात असू दे.”